जावईबापूंचे हितसंबंध

सासूबाईंचा फोन आला तेव्हा जावईबापू एका बुडीत बिस्किट कारखान्याची किंमत काढत बसले होते आणि ती उणे येत होती. किंमत उणे कशी येते, असं कुणी विचारलं तर त्यांना फार आनंद झाला असता, पण आजवर कुणी विचारलं नव्हतं. धंद्याची किंमत काढणं आणि हिशेबात कुणी कुठे हात मारलाय ते हुडकून काढणं, हा त्यांचा पेशा. भागीदार भांडले, नवराबायकोचं मोडलं, मालक गेला आणि मुलं कोर्टाच्या पायऱ्या चढली, की यांना बोलावणं यायचं. दारावरच्या पाटीत त्यांच्या नावाखाली ‘फॉरेन्सिक’ असा शब्द होता. तेवढा एकच शब्द वाचून समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर असं धरून चालले होते की हे गृहस्थ प्रेतं तपासतात. जावईबापूंनी एकदोनदा खुलासाही केला होता. पोस्टमास्तरांनी समजूतदारपणे मान डोलावली होती आणि हात मिळवायचं तेवढं टाळलं होतं.

तर सासूबाईंचा फोन. त्यांनी तब्येतीची चौकशी केली नाही, यावरूनच प्रकरण साधं नाही हे जावईबापूंनी ओळखायला हवं होतं. सासऱ्यांच्या मागे त्यांचा गाद्यांचा कारखाना दोघा मुलांनी सांभाळला होता. थोरला खरेदी आणि कारागीर बघायचा, धाकटा दुकान आणि गिऱ्हाईक. मग थोरला म्हणाला गादी कापसाचीच, धाकटा म्हणाला आता फोमचे दिवस आहेत, आणि बघता बघता दोघांचं असं काही फाटलं की विचारू नका. घर कारखान्याच्या वरच, जिना एकच. एक भाऊ जिना चढत असला की तो वर पोचून दार लावून घेईपर्यंत दुसरा खाली कापसाच्या गाठोड्यावर बसून राहायचा. आता वाटणी करायची ठरली होती. थोरला धाकट्याचा हिस्सा विकत घ्यायला तयार होता, धाकटा द्यायला तयार होता, घोडं अडलं होतं किमतीवर. घेणाऱ्या थोरल्याच्या मते कारखाना म्हणजे निव्वळ भंगार, आणि विकणाऱ्या धाकट्याच्या मते सोन्याची खाण. दोघांनी लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीश नेमले होते, आणि लवादसाहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, की आधी दोघांना चालेल असा किंमत काढणारा माणूस घेऊन या.

“घरात तुमच्यासारखा माणूस असताना बाहेरच्याच्या घशात कशाला पैसे घालायचे?” सासूबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी घसा साफ केला. घरातल्या माणसालाच नेमकं हे काम करता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. पेशाची आचारसंहिता आहे. ज्याचे हितसंबंध गुंतलेत त्याने किंमत काढायची नाही, कारण काढली तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही.

“हितसंबंध नसायला तुम्ही काय परके आहात? जावई आहात,” असं म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला. झाली नेमणूक.

अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस लगेच आजारी पडला असता. जावईबापूंनी आचारसंहिता उघडली. त्यांचा स्वभावच तसा. घराला आग लागली असती तर आधी विम्याची कलमं वाचून मग पाण्याची बादली शोधली असती. कलमात स्पष्ट म्हटलं होतं, की नातेवाइकाने असं काम स्वीकारू नये. पण पुढे एक ‘मात्र’ होतं, आणि त्या ‘मात्र’ने त्यांचा घात केला. मात्र दोन्ही पक्षांची लेखी संमती असेल, नातं उघडपणे सांगितलेलं असेल आणि त्या पक्षांकडून मिळालेला कुठलाही लाभ मूल्यांकन करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवलेला नसेल, तर हरकत नाही. दोघा मेहुण्यांनी वेगवेगळ्या पेनांनी संमती दिली. नातं तर जगाला ठाऊक होतं. फीदेखील पूर्ण लावली, कारण सवलत दिली असती तर तीही मर्जी ठरली असती. फीचा आकडा बघून सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि मग काढूनच ठेवला.

बायकोने मात्र एकच गोष्ट सांगितली. ती दोघा भावांच्या मधली, लहानपणापासून दोघांच्या मारामाऱ्या सोडवत आलेली. ती म्हणाली, “किंमत काय काढायची ती काढा. पण हे सगळं उरकेल तेव्हा माझे दोन भाऊ एका जिन्यावर एका वेळी दिसले पाहिजेत. मला दुसरं काही नको.”

जावईबापू म्हणाले की हे कामाच्या व्याप्तीत बसत नाही. बायकोने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला त्या बघण्याचा अर्थ कळायला हवा होता, पण ते तेव्हा ‘लाभ’ या शब्दाची व्याख्या शोधत होते.

व्याख्या सापडली आणि ते घरभर फिरून लाभ बघू लागले. आता गंमत अशी, की त्या घरात जे जे म्हणून मऊ होतं ते सगळं सासरहून आलेलं. सोफा सासरचा. खुर्च्यांवरच्या बैठका सासरच्या. सगळ्या उशा, लोड, पाहुण्यांच्या चार गाद्या, गॅलरीतलं बसायचं आसन, एवढंच काय, कुकर उचलायची फडकीदेखील सासूबाईंनी उरलेल्या कापडातून शिवलेली. आणि शयनगृहात ती मोठी गादी. ती सासऱ्यांनी लेकीच्या लग्नासाठी स्वतः भरली होती. कारखान्यात एवढे कारागीर असताना स्वतः बसून कापूस पिंजून घेतला होता, कडा स्वतःच्या हातांनी शिवल्या होत्या, आणि शिवताना बोटाला सुई टोचली म्हणून घरात दोन दिवस कुरकुर केली होती. जावईबापूंनी हे सगळं परत पाठवायचं ठरवलं. काम संपलं की परत आणू, तात्पुरता प्रश्न आहे, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. हमालांनी गाद्या खांद्यावर टाकून उतरवायला सुरुवात केली. बायको दारात उभी राहून बघत होती. सोफा गेला, लोड गेले, आणि शेवटी मोठी गादी दारातून वाकडी करून बाहेर काढली, तेव्हा ती आत गेली आणि एक बॅग भरून बाहेर आली.

“तिकडून आलेलं सगळं परत जायचं असेल तर मीही तिकडूनच आलेय,” ती म्हणाली.

इथे जावईबापूंनी काय म्हणायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतंय आणि मलाही. त्यांचा हात खरंच तिच्या बॅगेकडे गेला होता. पण पेशातल्या माणसाची जीभ हाताचं ऐकत नाही. ते म्हणाले, “तुला लाभ म्हणता येईल की नाही, याबद्दल आचारसंहिता काही बोलत नाही.”

“मग मी बोलते,” बायको म्हणाली, आणि पुढे काहीही न बोलता खाली जाऊन टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली. ड्रायव्हरने एकदा वर जावईबापूंकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

आता एवढ्या गाद्या भल्या सकाळी इमारतीतून बाहेर पडल्यावर लोक गप्प बसतील होय? पोस्टमास्तर गॅलरीत उभे होते. त्यांनी विचारपूस केली. जावईबापू हितसंबंधांबद्दल सांगू लागले. पोस्टमास्तरांनी तिसऱ्या वाक्याला त्यांच्या खांद्याला हात लावला, तोही पहिल्यांदाच, आणि हळू आवाजात म्हणाले, यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांच्या पोस्टाच्या क्वार्टरमध्येही झाले होते. काय झाले होते, असं जावईबापूंनी विचारलं. ढेकूण, पोस्टमास्तर म्हणाले. दुपारपर्यंत ही बातमी खालच्या मजल्यापर्यंत पोचली, आणि बायको माहेरी गेली तीही ढेकणांपायीच, हे सर्वानुमते ठरलं. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरीची नोटीस आली, की आपल्या घरात फवारणी करून घ्यावी, आणि यापुढे कुठलीही गादी, उशी अगर तत्सम वस्तू कीडमुक्त असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय फाटकातून आत आणू नये. ढेकूण नाहीत हे सिद्ध करायला जावईबापू सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी म्हणाले, नाहीत हे तुम्ही कशावरून म्हणता? कोर्टात लोकांना हाच प्रश्न विचारून रडवणारा माणूस जिन्यात ततपप करत राहिला. फवारणी झाली. तीन दिवस घरात औषधाचा असा वास होता की जावईबापूंना आपणच किडा असल्यासारखं वाटू लागलं.

तिकडे कारखान्याच्या फाटकावर वेगळाच तमाशा. टेम्पो पोचला तर थोरला माल आत घेईना. घेतला तर साठ्यात धरला जाणार, साठा वाढला तर किंमत वाढणार, आणि किंमत वाढली तर त्याला धाकट्याला जास्त द्यावे लागणार. धाकटा म्हणाला, आलेला माल आलाच पाहिजे, सोफ्यासकट. दोघे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे हे सगळं ड्रायव्हरमार्फत चाललं होतं. ड्रायव्हर एकदा इकडे, एकदा तिकडे करून घामाघूम झाला. शेवटी बायको खाली उतरली आणि तिने हमालांना सांगितलं, माझ्या गाद्या आहेत, आत टाका. दोघेही भाऊ बाजूला झाले. माल आत गेला, पण कुठल्या खात्यात गेला ते कुणालाच कळलं नाही.

आणि ते ठरवणार कोण? जावईबापू. साठ्याची मोजणी करायला ते गेले तेव्हा कापसाची गाठोडी झाली, फोमचे तक्ते झाले, शिवणयंत्रं झाली, कारागीर जेवणानंतर ज्यावर आडवे व्हायचे ती नमुन्याची गादीही झाली, आणि कोपऱ्यात त्यांच्यापुढे त्यांचंच घर रचून ठेवलेलं होतं. त्यांनी प्रत्येक वस्तूपुढे निर्विकार चेहऱ्याने शेरा मारला. मोठ्या गादीपाशी आले. तिच्यावर हात फिरवला. मग लिहिलं, ‘परत आलेला माल. जुनी, वापरलेली, मधोमध खड्डा पडलेली. किंमत शून्य.’ तत्त्व अगदी बरोबर होतं. वापरलेल्या गादीला बाजारात गिऱ्हाईक नसतं. वर जिन्याच्या तोंडाशी बायको उभी होती. तिने विचारलं, माझ्या वडिलांच्या गादीपुढे काय लिहिलंत? ते म्हणाले, अहवालात येईलच. जेवून जा, असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी तो लाभ झाला असता.

घरी आता जमीन उरली होती. पलंग होता, पण त्यावर नुसत्या फळ्या, आणि फळ्यांपेक्षा जमीन बरी असं त्यांनी अनुभवाने ठरवलं. चादर दुमडून चारपदरी केली, कोट गुंडाळून उशाला घेतला. चारसहा दिवसांत त्यांची कंबर बोलू लागली. बसताना एक बोलायची, उठताना दुसरंच. मग नवीन गादी आणावी म्हणून दुकानात गेले, आणि दुकानाच्या दारात त्यांच्या लक्षात आलं, की हा तर सासरच्या कारखान्याचा स्पर्धक. स्पर्धकाला धंदा देणं म्हणजे हितसंबंध. पुढच्या दुकानात गेले तर तिथला सगळा माल सासरचाच. शहरात अशी एक गादी उरली नव्हती जिच्यावर त्यांना निःपक्षपातीपणे झोपता येईल. पोस्टमास्तरांनी मोठ्या मनाने आपली जुनी सतरंजीवजा गादी देऊ केली. तिच्या कोपऱ्यावर सासऱ्यांच्या कारखान्याचा शिक्का निघाला. जावईबापूंनी ती नम्रपणे परत केली. पोस्टमास्तरांना वाटलं, माणूस मनाने खचला. त्यांनी रोज सकाळी दार वाजवून कानोसा घ्यायला सुरुवात केली, आणि एकदा तर भाकरीपेक्षा सहानुभूतीच जास्त वाढून डबा दिला.

खरं सांगायचं तर पोस्टमास्तरांचं फार चुकलं नव्हतं. कंबर दुखत होती ती दुखतच होती, पण घरात कुणी ‘अहो’ म्हणत नव्हतं, त्याचा त्रास अधिक होता. सवयीने ते आंघोळीला जाताना टॉवेल मागायचे आणि मग स्वतःच आणायचे. फोन करावा, असं दहादा मनात आलं. पण बायको आता एका पक्षाच्या घरात राहत होती, किंबहुना दोन्ही पक्षांच्या. अहवाल जाईपर्यंत पक्षांशी खाजगी बोलणं नाही, हेही कलम होतंच. हे कलम पाळताना मात्र त्यांना पहिल्यांदा वाटलं की ते लिहिणारा माणूस बहुधा अविवाहित असावा.

अहवाल गेला. किंमत थोरल्याच्या आकड्याच्या बरीच वर आणि धाकट्याच्या बरीच खाली, म्हणजे दोघेही सारखेच नाराज होतील अशी, जी या पेशात उत्तम समजली जाते. पण दुसऱ्याच दिवशी थोरल्याने लवादसाहेबांना कळवलं, की एवढी किंमत असेल तर मला घ्यायचा नाही, याच किमतीला धाकट्यानेच माझा हिस्सा घ्यावा. धाकटा म्हणाला, आनंदाने घेतो, पण किंमत फार आहे. आणि मग असं झालं, की आजवर कारखान्याला भंगार म्हणणारा थोरला एकाएकी सांगू लागला की वडिलांच्या नावाचीच किंमत याच्या दुप्पट आहे, आणि सोन्याची खाण म्हणणाऱ्या धाकट्याला शिवणयंत्रांवरचा गंज दिसायला लागला. दोघांनी भूमिकांची अशी अदलाबदल केली जशी लहानपणी शाळेत जाताना छत्र्यांची. एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. भावोजींचा अहवाल टाकाऊ आहे.

सुनावणी एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. लवादसाहेब मध्ये, दोन बाजूंना दोन वकील, मागच्या बाकावर सासूबाई आणि त्यांच्या शेजारी बायको. साक्षीदाराच्या खुर्चीला पाठ होती, पण ती पाठीच्या विरोधात बनवलेली होती. जावईबापू तीत तिरके बसले आणि त्यांनी शपथ घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी फाडणाऱ्या माणसाला आज फाडायला घेणार होते, तरी त्यांचा चेहरा शांत होता. त्यांचा स्वतंत्रपणा कोण मोडणार? सासरचा एकही माणूस त्यांच्याशी महिनाभर धड शब्द बोललेला नव्हता. याहून मोठं प्रमाणपत्र कुणाजवळ असतं?

धाकट्याचे वकील उठले. बारीक आवाजाचे, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी आकड्यांना हातच लावला नाही. साठ्याचं पान उघडलं आणि विचारलं, की ही जुनी गादी, जिची किंमत आपण शून्य लावलीत, ती आपल्याकडे किती वर्षं होती?

लग्नापासून, जावईबापू म्हणाले.

मधोमध खड्डा आहे, असं आपण लिहिलंय. दोन माणसं दोन कडांना झोपत असतील तर खड्डे दोन पडायला हवेत. मग हा एकच खड्डा, आणि तोही मधोमध, कसा पडला?

खोलीत कुणीतरी खोकलं. सासूबाई खिडकीबाहेर काहीतरी लक्षपूर्वक बघू लागल्या. लवादसाहेबांनी हा प्रश्न नामंजूर केला आणि पाणी प्यायले. जावईबापूंचे कान लाल झाले. बायकोने पदर तोंडाशी धरला होता, पण ती हसत होती की आणखी काही, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

“शेवटचा प्रश्न,” वकील म्हणाले. “गिऱ्हाईक नाही म्हणून किंमत नाही, हे आपलं तत्त्व. ही गादी आज विकायला काढली तर घेणारा माणूस या शहरात एकही नाही, असं आपण शपथेवर सांगता?”

‘हो’ म्हणायचं होतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर अहवाल तरला असता, नाव राहिलं असतं, फी मिळाली असती. जावईबापूंनी तोंडही उघडलं. तेवढ्यात कमरेतून एक कळ आली ती थेट मानेपर्यंत गेली, आणि मागच्या बाकावर बायको खाली मान घालून बसलेली दिसली. शपथ तर घेतलेली होती.

“एक आहे,” ते म्हणाले.

“कोण?”

“मी.”

“आपण काय द्याल?”

“मागतील ते,” जावईबापू म्हणाले. “आणि तिच्याबरोबर जे माणूस गेलं ते परत येणार असेल तर मागतील त्याहून जास्त. मला घरात झोप नाही, साहेब. गादी होती तोवर मला वाटायचं झोप माझी मला येते.”

“याला आपल्या पेशात काय म्हणतात?” वकिलांनी अगदी हळुवारपणे विचारलं.

“हितसंबंध,” जावईबापू म्हणाले. “पहिल्या दिवसापासून होते.”

वकील खाली बसले. थोरल्याचे वकील अर्धवट उठून म्हणाले, मलाही हेच विचारायचं होतं, आणि तेही बसले. लवादसाहेबांनी अहवाल मिटला, शपथेवर खरं बोलल्याबद्दल साक्षीदाराचे आभार मानले आणि अहवाल रद्द केला. मग त्यांनी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचं नाव काढलं आणि तिची फी सांगितली.

फी ऐकून थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने थोरल्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांना उद्देशून शब्द उच्चारला, तो होता, “किती?” दोघे उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेले. परत आले तेव्हा दोन गोष्टी ठरल्या होत्या. वाटणी तूर्त थांबवायची, आणि भावोजींचा अहवाल रद्द झालेला असल्यामुळे भावोजींना फी द्यायची नाही. दुसऱ्या मुद्द्यावर तर दोघे एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. अजून कशाकशाचे पैसे वाचतील हे बोलत बोलत ते शेजारी शेजारी जिना उतरून गेले. बायको कठड्याशी उभी राहून दोघे खाली पोचेपर्यंत बघत होती. भाऊ जिना चढतानाच दिसावेत असं तिने म्हटलं नव्हतं, एका जिन्यावर दिसावेत एवढंच म्हटलं होतं. ती आईचा हात धरून त्यांच्यामागून उतरली. 

जावईबापू कठडा धरून एक एक पायरी उतरले आणि घरी गेले. अहवाल गेला, फी गेली, पेशाच्या संघटनेकडून विचारणा येणार हेही नक्की. फळ्यांच्या पलंगाकडे त्यांनी बघितलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोरून पोस्टमास्तर म्हणाले, निकाल लागला का? लागला, ते म्हणाले. माणूस वाचला का, पोस्टमास्तरांनी विचारलं. तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

कंबर विसरून ते खाली धावले. ड्रायव्हरशेजारी बायको बसली होती, मागे ती एकच गादी. बाकीचं उद्या येईल, असं ड्रायव्हरने परस्पर सांगून टाकलं. पण फाटकावरच्या रखवालदाराने नोटीस दाखवली, दाखल्याशिवाय गादी आत नाही. सेक्रेटरी बाहेर गेलेले, येतील तेव्हा येतील. हमालांनी गादी फाटकाबाहेरच, झाडाखाली, उतरवून ठेवली आणि टेम्पो निघून गेला. मग दोघे त्या गादीवर बसले. अख्खी इमारत गॅलऱ्यांतून बघत होती.

बायकोने पर्समधून पावती काढून त्यांच्या हातात दिली. खाली थोरल्याची सही होती, शेजारी धाकट्याची, एकाच पेनाने. किमतीची जागा कोरी होती.

“तुम्हीच भरा म्हणाले,” बायको म्हणाली. “मागतील ते देतो म्हणालात ना. त्यांना काही मागता येईना.”

जावईबापूंनी सवयीने खिशातलं पेन काढलं. कोऱ्या जागेवर टेकवलं. मग पेनाला टोपण लावलं.

“मला नाही काढता येणार,” ते म्हणाले. “आचारसंहिता आहे. माझे हितसंबंध आहेत.”

“अहो, मग आधी एवढं तरी म्हणायचंत,” बायको म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. चुकलं माझं, असं ते म्हणाले. तेवढंच म्हणाले, कलम न सांगता. मग जरा पाठ टेकतो म्हणून आडवे झाले, आणि खड्ड्याने त्यांना ओळखीने आत घेतलं.

सेक्रेटरी आले ते हातात चाव्यांचा जुडगा वाजवतच. ही गादी कुणाची, दाखला कुठाय, कीड नाही हे कशावरून, असं त्यांनी एका दमात विचारलं. पोस्टमास्तरही साक्षीला खाली उतरले होते. बायकोने ओठांवर बोट ठेवून शेजारी दाखवलं. जावईबापू तोंड उघडं टाकून, बूट घातलेल्या पायांसकट, भर दुपारच्या उजेडात घोरत होते.

“एक तरी ढेकूण असता तर हे असे झोपले असते का?” ती म्हणाली.

सेक्रेटरींनी थोडं वाकून बघितलं. पोस्टमास्तरांनी तर नाडी बघितली आणि समाधानाने मान हलवली. मग सेक्रेटरींनी नोटिशीच्याच पाठीवर, फाटकाच्या खांबाला टेकवून, कीड नसल्याचा दाखला लिहिला आणि सही केली. रखवालदार म्हणाला, घेऊ का वर? बायको म्हणाली, राहू दे अजून थोडा वेळ, उठू दे त्यांना.